बापाच्या उधारीपायी बारा वर्षांचं पोरगं कारखान्यात गेलं, पुढे त्याच बापावरून इंग्रजीला एक शब्द मिळाला

प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक गडी असतोच. महिन्याची वीस तारीख उलटलेली असते, खात्यात खडखडाट असतो, क्रेडिट कार्डचं बिल थकलेलं असतं. पण गडी निवांत. हॉटेलात सगळ्यांचं बिल भरायला तोच पुढे. एकाचे उसने पैसे दुसऱ्याकडून उसने घेऊन फेडणार आणि विचारलं तर सांगणार की पुढच्या महिन्यात एक मोठं काम होतंय. ते काम कसलं हे कुणालाच माहीत नसतं. त्यालाही नसतं.

गंमत म्हणजे अशा माणसाचा राग येत नाही. बोलायला गोड, मनानं मोकळा, मैफिलीत सगळ्यांना हवाहवासा.

आपल्याकडे या वृत्तीसाठी फेमस म्हण आहे, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. इंग्रजीत मात्र त्यासाठी एका माणसाचं नावच वापरतात. मिकॉबर. स्वतः हातपाय हलवायचे नाहीत आणि उद्या काहीतरी चांगलं होईल या भरवशावर आजचा दिवस ढकलायचा, असं वागणारा माणूस म्हणजे मिकॉबर. या वृत्तीला म्हणतात मिकॉबरिझम. इंग्रजी डिक्शनरीत हा शब्द रीतसर आहे.

आता हा मिकॉबर म्हणजे 'डेव्हिड कॉपरफिल्ड' या कादंबरीतलं एक पात्र. लेखक चार्ल्स डिकन्स. पण ज्याच्यावरून हे पात्र बेतलं तो माणूस शंभर टक्के खरा होता. तो डिकन्सचा बाप होता.

कादंबरीतल्या मिकॉबरवर लोक पावणेदोनशे वर्षं हसतायत. खऱ्या मिकॉबरच्या घरात त्याच्या आशावादाचं बिल कुणी भरलं, हे समजून घ्यायचं तर डिकन्सचं आयुष्य बघावं लागतं.

नोकरी सरकारी, हात सढळ

चार्ल्स डिकन्सचा जन्म ७ फेब्रुवारी १८१२ चा. गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्ट्समथ. बाप जॉन डिकन्स नौदलाच्या पगार खात्यात कारकून होता. म्हणजे नोकरी पक्की आणि पगार चांगला. आई एलिझाबेथ. आठ भावंडांत चार्ल्सचा नंबर दुसरा, त्याच्याहून मोठी बहीण फॅनी.

जॉनची आई एका उमराव घराण्यात हाउसकीपर होती. त्यामुळे मोठ्या लोकांचं राहणं, बोलणं, खाणंपिणं जॉननं लहानपणापासून जवळून पाहिलं होतं. तो पुढे बोलायचाही तसाच. साधी गोष्ट सांगायची तरी दहा जड शब्द वापरून. पाहुण्यांना घरी बोलवायचं, चांगली दारू पाजायची, चांगले कपडे घालायचे. पगार कारकुनाचा आणि खर्च साहेबाचा. ऋण काढून सण साजरे करणं म्हणतात ते हेच.

चार्ल्स पाच वर्षांचा असताना हे कुटुंब केंट परगण्यातल्या चॅटहॅमला आलं. तिथली पाच वर्षं त्याच्या बालपणातली सगळ्यात सुखाची. शाळा होती, वाचायला पुस्तकं होती. जॉनला पोराचं भारी कौतुक. खानावळीत टेबलावर उभं करून तो चार्ल्स आणि फॅनीला गाणी म्हणायला लावायचा. फिरायला गेले की गॅड्स हिल नावाच्या टेकडीवर एक मोठं घर लागायचं. नीट मेहनत केलीस तर एक दिवस तूही अशा घरात राहशील, असं बाप पोराला सांगायचा.

पोराला मेहनतीचा सल्ला देणारा हा बाप तेव्हा स्वतः दुकानदारांच्या उधारीत गळ्यापर्यंत बुडालेला होता.

आधी पुस्तकं गेली, मग खुर्च्या

१८२२ मध्ये जॉनची बदली लंडनला झाली आणि घराची गाडी घसरली. कॅम्डेन टाउनमधल्या लहानशा घरात सगळे कोंबले गेले. देणेकरी दारात येऊन ओरडायला लागले. चार्ल्सची शाळा सुटली. नव्या शाळेत नाव घालायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. दहा वर्षांचा पोरगा सकाळी बापाचे बूट पुसायचा, धाकट्या भावंडांना सांभाळायचा, घरची छोटीमोठी कामं करायचा.

तोपर्यंत फॅनीला संगीताच्या रॉयल अकॅडमीत प्रवेश मिळाला होता. तिची फी भरायची होती. चार्ल्सच्या शिक्षणाला मात्र पैसे नव्हते.

या काळात घर सावरायचा प्रयत्न केला तो आईनं. तिनं मोठं घर भाड्यानं घेतलं, दारावर पितळी पाटी लावली आणि मुलींची शाळा काढायचं ठरवलं. चार्ल्सनं घरोघरी जाऊन जाहिरातीचे कागद वाटले. एकही मुलगी आली नाही. भाडं मात्र डोक्यावर बसलं.

मग घरातल्या वस्तू विकायला आणि गहाण टाकायला सुरुवात झाली. हे काम चार्ल्सकडे. आधी पुस्तकं गेली. चॅटहॅममध्ये ज्या पुस्तकांत तो रमायचा, तीच त्यानं स्वतःच्या हातानं नेऊन विकली. मग फर्निचर गेलं. घरात काही खुर्च्या, एक टेबल आणि झोपायची अंथरुणं एवढंच उरेपर्यंत हे चाललं.

जॉन डिकन्स मात्र आशेवर होता. होईल काहीतरी.

सहा शिलिंग आठवडा

जेम्स लॅमर्ट हा नात्यातला माणूस. थेम्स नदीच्या काठी हंगरफर्ड स्टेअर्स इथल्या बूट पॉलिशच्या कारखान्याचं काम तो बघायचा. कारखान्याचं नाव वॉरेन्स ब्लॅकिंग. त्यानं सांगितलं, पोराला कामाला पाठवा, आठवड्याला सहा शिलिंग देतो. आईबाप लगेच तयार झाले.

फेब्रुवारी १८२४. बारावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले होते. चार्ल्स कामाला लागला.

इमारत मोडकळीला आलेली आणि उंदरांनी भरलेली. पॉलिशच्या बरण्यांवर कागद ठेवायचा, दोरीनं बांधायचा, कडा कापायच्या, लेबल चिकटवायचं. दिवसाचे दहा तास हेच काम. ज्याला शिकून मोठा माणूस व्हायचं होतं, त्याला वाटायला लागलं की आपलं आयुष्य आता इथंच संपणार. कष्टांपेक्षा त्याला लागलं ते वेगळंच होतं. आपल्याला इथं ढकलताना आईबापाला काहीच वाटलं नाही, ही गोष्ट तो आयुष्यभर विसरला नाही.

तो कामाला लागून दोन आठवडेही झाले नव्हते, तेवढ्यात २० फेब्रुवारीला जॉन डिकन्सला अटक झाली. एका पाववाल्याची ४० पौंड १० शिलिंगांची उधारी थकली होती.

त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग व्हायचे. म्हणजे ही उधारी ८१० शिलिंगांची. चार्ल्सच्या पगारातून ती फेडायची म्हटली तर १३५ आठवडे लागले असते. बापानं होईल काहीतरी म्हणत करून ठेवलेली उधारी म्हणजे पोराच्या आयुष्यातली अडीच वर्षं. तीही त्यानं एक पैसा न खाता काम केलं तर.

जेलमध्येही अध्यक्ष

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कर्ज बुडवलं की थेट जेल होती. लॉजिक अजब होतं. पैसे नाहीत म्हणून आत टाकायचं आणि आत असल्यामुळे बहुतेकांना कमावता येत नाही. देणं फिटेपर्यंत किंवा कोर्टाकडून दिवाळखोर म्हणून सुटका होईपर्यंत बसून राहायचं. बायकोपोरांनाही सोबत राहता यायचं. जॉनला टाकलं ते लंडनच्या साउथवर्क भागातल्या मार्शलसी जेलमध्ये. थोड्या दिवसांत एलिझाबेथही धाकट्या मुलांना घेऊन तिथं राहायला गेली.

चार्ल्स बाहेर, एकटा. आधी एका बाईच्या घरात, मग जेलजवळच्या एका खोलीत. सहा शिलिंगांत आठवडा काढायचा. पैशांच्या पुड्या बांधून त्यावर वारांची नावं लिहायची, म्हणजे शनिवारपर्यंत पुरतील. पहाटे जेलचं दार उघडलं की आत जाऊन घरच्यांसोबत नाश्ता, मग कारखाना, रात्री पुन्हा जेलमध्ये जेवण आणि दार बंद व्हायच्या आत बाहेर.

पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा बाप त्याला धरून खूप रडला. मग त्यानं पोराला उपदेश केला. वर्षाला वीस पौंड मिळत असतील आणि माणसानं त्यातले थोडे जरी राखले तरी तो सुखी. वीसच्या वर एक शिलिंग जरी खर्च झाला तरी तो बरबाद.

जेलमध्ये जॉन लवकरच रमला. नोकरी टिकून होती, पगार चालू होता आणि आत असल्यामुळे देणेकऱ्यांचा त्रास नव्हता. कैद्यांची एक समिती होती, तिचा तो अध्यक्ष झाला. राजाच्या वाढदिवसाला कैद्यांना राजाच्या नावानं दारू प्यायला पैसे मिळावेत, असा एक मोठा अलंकारिक अर्ज त्यानं तयार केला. एकेक कैदी येऊन त्यावर सही करत होता. कोपऱ्यात उभा राहून चार्ल्स प्रत्येकाचा चेहरा बघत होता.

तिकडे कारखान्यात बॉब फॅगिन नावाचा मोठा मुलगा चार्ल्सची काळजी घ्यायचा. एकदा चार्ल्सच्या पोटात जोरात कळ आली, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्यांनी अर्धा दिवस त्याला शेकलं. संध्याकाळी म्हणाला, घरी सोडतो. आता घर म्हणजे जेल. हे सांगायचं कसं? चार्ल्सनं त्याला साउथवर्कच्या पुलाजवळ आणलं, एका अनोळखी घराच्या पायरीवर चढला आणि हेच माझं घर म्हणून निरोप घेतला. बॉब वळून बघेल म्हणून दारही वाजवलं. बाई बाहेर आली तेव्हा विचारलं, मिस्टर रॉबर्ट फॅगिन इथंच राहतात का?

बारा वर्षांच्या पोराला बापाच्या कर्जाची लाज लपवायला इतकं नाटक करावं लागत होतं. बाप आत मजेत होता.

आणि खरंच काहीतरी झालं

इथं या गोष्टीत एक ट्विस्ट आहे. जॉन डिकन्स ज्या भरवशावर जगत होता, ते खरंच घडलं.

एप्रिल १८२४ मध्ये त्याची आई वारली. तिनं त्याच्या नावावर ४५० पौंड ठेवले होते. दिवाळखोरीच्या कायद्याखाली सुटका मिळवायची प्रक्रियाही चालू होती. त्यात कर्जदाराच्या कुटुंबाकडचे कपडे आणि वस्तू वीस पौंडांपेक्षा जास्त किमतीच्या नसल्या पाहिजेत, असा नियम होता. त्यामुळे चार्ल्सलाही अधिकाऱ्यासमोर उभं राहून अंगावरच्या कपड्यांची किंमत करून घ्यावी लागली. खिशात आजीनं दिलेलं चांदीचं घड्याळ टिकटिक करत होतं. साहेबाला ते ऐकू गेलं तर, या भीतीनं पोराचा जीव घशाशी आला होता. साहेबानं बघितलं आणि सोडून दिलं.

२८ मे १८२४ ला जॉन सुटला. मिकॉबर छाप माणसांना कधीच कायमचा धडा मिळत नाही, त्याचं कारण हेच. दहातल्या एखाद्या वेळी खरंच काहीतरी होतं आणि पुढच्या दहा वेळांसाठी भरवसा वाढतो.

बाप सुटला तरी पोरगा कारखान्यातच राहिला. त्याला परत आणायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्याच उन्हाळ्यात फॅनीला अकॅडमीत बक्षीस मिळालं. तो सोहळा बघताना चार्ल्सच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं.

पुढे कारखाना कॉव्हेंट गार्डनजवळ हलला. तिथं पोरांना उजेडासाठी खिडकीत बसवायचे आणि येणारे जाणारे त्यांचं काम बघत थांबायचे. एके दिवशी जॉनचं आणि लॅमर्टचं चिठ्ठीवरून भांडण झालं आणि चार्ल्सची सुटका झाली. आई दुसऱ्या दिवशी लॅमर्टकडे गेली, भांडण मिटवलं आणि निरोप घेऊन आली की पोराला परत पाठवा. जॉन म्हणाला, नाही. तो आता शाळेत जाईल.

आईनं आपल्याला परत त्या कारखान्यात धाडायचं ठरवलं होतं, ही गोष्ट डिकन्सनं शेवटपर्यंत माफ केली नाही.

आता जरा शांतपणे बघा. उधारी केली बापानं. जेलमध्ये गेला बाप. घर चालवायला शाळा काढली आईनं. सहा शिलिंग बंद झाले तर पाव कुठून आणायचा, हा हिशोब केला आईनं. आणि पोराच्या मनात व्हिलन ठरली तीच. बापानं एक मोठ्या मनाचं वाक्य बोलून पोराला जिंकलं. घरात एक माणूस बेफिकीर राहिला की दुसऱ्याला कठोर व्हावं लागतं, आणि मग नावं त्या कठोर माणसालाच ठेवली जातात.

पोरगा स्टार, बाप तसाच

चार्ल्स पुन्हा शाळेत गेला खरा, पण १८२७ मध्ये भाडं थकल्यानं कुटुंब परत रस्त्यावर आलं आणि शाळा कायमची सुटली. पंधराव्या वर्षी तो वकिलाच्या ऑफिसात कारकून झाला. तिथं न रमता स्वतःच्या हिमतीवर शॉर्टहँड शिकला आणि पार्लमेंटचा रिपोर्टर झाला. भाषण जसंच्या तसं उतरवून घेण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे होते.

आपोआप काही होत नाही, हे त्या पोरानं फार लवकर शिकून घेतलं होतं.

१८३४ मध्ये बापाला पुन्हा अटक झाली. यावेळी दारू विकणाऱ्या व्यापाऱ्यांची उधारी. बावीस वर्षांच्या चार्ल्सनं पैशांची जुळवाजुळव करून त्याला सोडवलं.

१८३६ मध्ये 'पिकविक पेपर्स' दर महिन्याला भागाभागांत यायला लागली. आजच्या वेब सिरीजसारखा प्रकार. सुरुवातीला कुणी विचारलं नाही, पण शेवटाकडे प्रत्येक भागाच्या चाळीस हजार प्रती खपायला लागल्या. डिकन्स सुपरस्टार झाला. त्याच वर्षी कॅथरिन होगार्थशी लग्न झालं. पुढे त्यांना दहा मुलं झाली.

पोराचं नाव झाल्यावर बापाला नवं एटीएम मिळालं. जॉन परस्पर प्रकाशकांकडे जाऊन मुलाच्या नावावर पैसे उचलायला लागला. वैतागून १८३९ मध्ये डिकन्सनं आईबापासाठी लंडनपासून लांब, डेव्हनमध्ये एक कॉटेज भाड्यानं घेतलं. तिथूनही पत्रं आणि उधाऱ्या चालूच राहिल्या. शेवटी १८४१ मध्ये डिकन्सनं वकिलामार्फत पेपरात जाहीर नोटीस दिली. माझं नाव वापरून कुणी कर्ज घेतलं तर ते मी फेडणार नाही, असा तिचा आशय. बापाचं नाव त्यात नव्हतं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

तरीही १८४६ मध्ये त्यानं 'डेली न्यूज' हा पेपर सुरू केला, तेव्हा रिपोर्टर लोकांवर लक्ष ठेवायचं काम बापाला दिलं. आणि म्हाताऱ्यानं ते चोख केलं. म्हणजे काम जमत नव्हतं अशातला भाग नव्हता.

मिकॉबरचा जन्म

या सगळ्या काळात कारखान्याबद्दल आणि जेलबद्दल डिकन्स कुठंही बोलला नाही. चाळिशीकडे झुकताना त्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलं, पण ते पुढे सरकेना. लिहिलेली पानं त्यानं जिवलग मित्र जॉन फॉर्स्टरकडे दिली आणि मग तोच मजकूर कादंबरीत घातला. मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात 'डेव्हिड कॉपरफिल्ड' भागाभागांत आली.

त्यातला लहानगा डेव्हिड कारखान्यात बाटल्या धुतो आणि मिकॉबर कुटुंबात भाड्यानं राहतो. विल्किन्स मिकॉबर म्हणजे टक्कल पडलेला जाडजूड गृहस्थ. कपडे जुने, पण शर्टाची कॉलर ऐटदार. बोलणं अलंकारिक. देणेकऱ्यांचा आरडाओरडा झाला की जीव देण्याच्या गोष्टी करतो आणि अर्ध्या तासानं बूट चमकवून गाणं गुणगुणत बाहेर पडतो. कर्जाची चिठ्ठी लिहून दिली की कर्ज फिटल्यासारखा निश्चिंत होतो. बायको त्याला कधीच न सोडण्याच्या शपथा घेते.

जेलमध्ये बापानं दिलेला उपदेशही मिकॉबरच्या तोंडी आला. वीस पौंडांच्या कमाईत सहा पेन्स कमी खर्च केला तर सुख, सहा पेन्स जास्त केला तर दुःख. आपल्याकडे अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तेच आकड्यांत. अर्थसंकल्पावर भाषण करताना ब्रिटिश नेते आजही या हिशोबाची आठवण काढतात. तो सांगणारा माणूस स्वतः कधीच त्याप्रमाणे वागला नव्हता.

आणि मग डिकन्सनं बापासाठी एक गोष्ट केली. कादंबरीत मिकॉबरच्या आयुष्यात खरंच काहीतरी घडतं. तो एका लबाड माणसाचं बिंग फोडतो, सगळे मिळून त्याची कर्जं फेडतात, तो कुटुंबासह ऑस्ट्रेलियाला जातो आणि तिथं मॅजिस्ट्रेट होतो. खऱ्या आयुष्यात बापाला जे जमलं नाही, ते मुलानं त्याला गोष्टीत देऊन टाकलं.

कादंबरी संपल्यावर काही महिन्यांनी, ३१ मार्च १८५१ ला जॉन डिकन्स गेला. मूत्राशयाचा आजार बळावला होता आणि भूल न देता ऑपरेशन करावं लागलं. त्यानं ते धीरानं सोसलं. मागे राहिलेली देणी मुलानं फेडली. वय वाढत गेलं तसा डिकन्स बापाबद्दल जास्त मायेनं बोलायला लागला.

आईच्या वाट्याला काय आलं? 'निकोलस निकलबी' मधली मिसेस निकलबी. बडबडी, विसराळू, जगाचं भान नसलेली बाई. ती आईवरून घेतल्याचं मानलं जातं.

पण डिकन्सला बापाची दुसरी बाजू दिसत नव्हती असंही नाही. १८५५ ते १८५७ मध्ये आलेल्या 'लिटल डॉरिट' मध्ये त्यानं मार्शलसी जेल परत उभी केली. तिथं विल्यम डॉरिट नावाचा कर्जबाजारी बाप वर्षानुवर्षं बसून आहे. ऐट तशीच आहे, पण हसू येत नाही. कारण यावेळी डिकन्सनं कॅमेरा त्याच्या मुलीकडे फिरवलाय. ती बाहेर शिवणकाम करून बापाला पोसते आणि त्याचा मान राहावा म्हणून ते झाकूनही ठेवते. मिकॉबर आणि डॉरिट, दोन्हींमागे बाप एकच. फरक एवढाच की दुसऱ्या गोष्टीत बिल कोण भरतंय ते दिसतं.

एका लेखकानं किती शब्द दिले

गोष्टीतल्या माणसाचं नाव रोजच्या बोलण्यात येणं आपल्याला नवं नाही. दिवसा स्वप्नं बघणारा शेखचिल्ली, भांडण लावून देणारा कळीचा नारद, झोपाळू कुंभकर्ण, डाव टाकणारा शकुनीमामा. नाव घेतलं की पूर्ण स्वभाव समोर उभा.

इंग्रजीत अशी नावं एकट्या डिकन्सनं ढिगानं दिली. १८४३ च्या 'अ ख्रिसमस कॅरोल' मधला स्क्रूज म्हणजे कंजूस माणूस. पेक्सनिफ म्हणजे सज्जनपणाचा आव आणणारा ढोंगी. मिसेस गॅम्पच्या हातातल्या बोजड छत्रीमुळे छत्रीलाच गॅम्प म्हणायला लागले. 'पिकविक' मध्ये बसल्या जागी झोपणारा एक जाड मुलगा आहे, त्यावरून १९५६ मध्ये डॉक्टरांनी लठ्ठपणामुळे श्वास मंदावणाऱ्या आजाराला पिकविकियन सिंड्रोम नाव दिलं. ब्रिटिश रॉक बँड उरिया हीपचं नाव 'डेव्हिड कॉपरफिल्ड' मधल्या त्याच लबाड माणसाचं. अमेरिकन जादूगार डेव्हिड कॉपरफिल्डनंही नाव तिथूनच उचललं. आणि २०१९ मध्ये याच कादंबरीवर आलेल्या सिनेमात डेव्हिड झाला होता आपला 'स्लमडॉग मिलेनियर' वाला देव पटेल.

आणि फॅगिन? 'ऑलिव्हर ट्विस्ट' मध्ये पोरांना पाकीटमारी शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला डिकन्सनं हे नाव दिलं. पोटात कळ आली तेव्हा शेकणाऱ्या त्या भल्या पोराचं नाव. कारखान्याची आठवण इतकी कडू होती की तिथला चांगला माणूसही त्यातून सुटला नाही.

कोलकात्याहून आलेली बिलं

डिकन्सनं बापाची चूक स्वतः केली नाही. प्रचंड काम केलं, चिक्कार कमावलं. लहानपणी लांबून पाहिलेलं गॅड्स हिलचं घर १८५६ मध्ये खरंच विकत घेतलं. पण त्याचा स्वतःचा संसार मोडला. १८५८ मध्ये तो कॅथरिनपासून वेगळा झाला आणि एलन टर्नन या तरुण नटीशी असलेलं नातं त्यानं जगापासून लपवून ठेवलं.

आजोबांची सवय मात्र एक पिढी सोडून परत आली. मोठा मुलगा चार्ली व्यवसायात बुडून १८६८ मध्ये दिवाळखोर झाला. नौदलात गेलेल्या सिडनीनं इतकी उधारी केली की डिकन्सनं त्याला घराचे दरवाजे बंद केले.

चौथं अपत्य वॉल्टर. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत, सोळाव्या वर्षी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून भारतात आला. इथं तोही कर्जात गेला. आजारी पडून मायदेशी परतायच्या तयारीत असताना ३१ डिसेंबर १८६३ ला कोलकात्यात त्याचा मृत्यू झाला. वय २२. बातमी इंग्लंडला पोहोचली ती डिकन्सच्या बावन्नाव्या वाढदिवशी. पाठोपाठ पोराची बिलं आली. बापाची फेडून झाली होती, आता मुलाची. वॉल्टरच्या कबरीवरचा दगड आज कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे.

शेवटची बारा वर्षं डिकन्स गावोगावी स्वतःच्या कथांचे जाहीर प्रयोग करत फिरला. पैसा आणि टाळ्या, दोन्ही सुटत नव्हतं. १८६५ च्या रेल्वे अपघातातून वाचल्यावर तब्येत ढासळत गेली. पाय सुजायचे, डॉक्टर थांबा म्हणायचे, तरी १८६७ मध्ये तो अमेरिकेचा मोठा दौरा करायला निघाला.

१८६९ च्या ख्रिसमसला घरात स्मरणशक्तीचा खेळ रंगला होता. प्रत्येकानं आधीचे सगळे शब्द म्हणायचे आणि आपला एक जोडायचा. डिकन्सनं आपल्या पाळीला वॉरेन्स ब्लॅकिंगचं नाव आणि पत्ता जोडला. म्हणताना त्याचा आवाज आणि नजर बदलली, हे मुलगा हेन्रीच्या लक्षात आलं. अर्थ मात्र कुणालाच लागला नाही.

९ जून १८७० ला गॅड्स हिलच्या घरातच डिकन्सचा मृत्यू झाला. वय ५८. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं गेलं. मागे ९३ हजार पौंडांच्या आसपास संपत्ती होती. नंतर फॉर्स्टरनं लिहिलेलं चरित्र आलं, तेव्हा कुठं जगाला आणि त्याच्या मुलांना त्या कारखान्याचा आणि त्या जेलचा पत्ता लागला.

मार्शलसी जेल १८४२ मध्येच बंद झाली होती. साउथवर्कमध्ये तिची एक लांबलचक भिंत अजून उभी आहे. कर्जासाठी जेलमध्ये टाकायची पद्धत इंग्लंडनं १८६९ मध्ये बऱ्याच अंशी संपवली.

मिकॉबर हा शब्द मात्र टिकला आणि लोक तो हसत हसत वापरतात. आपल्या ग्रुपमधल्या त्या निवांत गड्यावरही हसायला हरकत नाही. फक्त तो पुढच्या महिन्याच्या मोठ्या कामाबद्दल सांगत असताना, त्याच्या घरी या महिन्याचा हिशोब कोण जुळवतंय, तेही एकदा बघायला हवं.